स्टीम रूमचा दिवा बदलताना: पाणी अडते, वाफ अडत नाही

स्टीम रूममधला दिवा गेला की आधी नुसता बल्ब बदलला जातो. तोही लवकर गेला की ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले एखादे फिटिंग आणून बसवतात. काही महिन्यांनी त्याच्याही काचेला आतून घाम यायला लागतो. फिटिंग स्वस्तातले होते म्हणून असे झाले, असा निष्कर्ष सहज काढला जातो, पण महागडे फिटिंगही तसेच गेलेले दिसते. ते पाण्यासाठी निवडलेले असते आणि लावलेले असते वाफेत. निवड करताना हा फरक आधी डोक्यात पक्का बसला, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

वाफ बंद फिटिंगमध्ये शिरते कशी

चालू स्टीम रूममध्ये तापमान साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअस असते आणि आर्द्रता जवळजवळ १०० टक्के. ४५ अंशाला संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ६५ ग्रॅम पाणी वायुरूपात असते. तीच हवा २५ अंशाला आली की त्यात जेमतेम २३ ग्रॅम मावते, उरलेले जिथे गार पृष्ठभाग मिळेल तिथे दव होऊन बसते.

आता फिटिंगकडे पाहा. दिवा लागला की आतली हवा तापते आणि फुगते. २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली तर सुमारे १२ टक्के. गॅस्केटमध्ये, म्हणजे झाकणाखालच्या रबरी पट्टीत, किंवा केबल शिरते त्या ग्लँडमध्ये, म्हणजे केबलभोवती आवळणाऱ्या रबरी तोंडात, बारीकशी फट असली, तर ही जादा हवा हळूहळू बाहेर पडते. दिवा बंद झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरच्या दाबापेक्षा सुमारे १० टक्के कमी दाब आत तयार होतो. म्हणजे जवळपास एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ. ही ओढ त्याच फटीतून बाहेरची हवा आत खेचते, आणि त्या वेळी बाहेर वाफ भरलेली असते. एका फेरीत आत येणारे पाणी मिलिग्रॅममध्ये मोजावे इतके कमी, पण बाहेर जायला त्याला वाट सापडत नाही. रोज थोडे थोडे साचत जाते. आधी काच धुरकट होते, मग टर्मिनल हिरवे पडतात, मग सोल्डरच्या जागा कुजतात.

यातून निवडीच्या तीन कसोट्या निघतात. फिटिंगमध्ये मोकळी हवा जितकी कमी तितके चांगले; आत रेझिन ओतून भरलेले फिटिंग मोठ्या काचेच्या बरणीसारख्या फिटिंगपेक्षा म्हणूनच जास्त टिकते. दिव्याची स्वतःची उष्णता जितकी कमी तितका हा श्वासोच्छ्वास कमी. आणि दाब समान ठेवण्यासाठी काही फिटिंगना जो सूक्ष्म पडद्याचा झडपवजा तुकडा असतो, तो उघड्यावरच्या दिव्यांना उपयोगी असला तरी इथे फारसा कामाचा नाही, कारण तो पाण्याचा थेंब अडवतो, वाफ मात्र जाऊ देतो.

आयपी आकडा नीट वाचा

आयपी क्रमांक म्हणजे फिटिंग धूळ आणि पाणी किती अडवते याचा शिक्का. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा अंक ५ म्हणजे ६.३ मिमी तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा मारा, ६ म्हणजे १२.५ मिमी तोंडातून १०० लिटर, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणे. या चाचण्या साध्या तापमानाच्या पाण्याने होतात. वाफेचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणजे आयपी ६७ हा शिक्का वाफेबद्दल काहीही सांगत नाही. एवढेच सांगतो की जोडणी बऱ्यापैकी घट्ट आहे.

आणखी एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. ६ पर्यंतचे अंक खालच्या अंकांना सामावून घेतात, ७ आणि ८ मात्र तसे करत नाहीत. पाण्यात बुडून टिकणारे फिटिंग जोरदार फवाऱ्यात टिकेलच असे नाही. रोज नळी लावून भिंती धुतल्या जात असतील तर फिटिंगवर आयपी ६५/६७ किंवा आयपी ६६/६७ असा दुहेरी शिक्का शोधा. दुसऱ्या अंकाच्या जागी ९ असलेली फिटिंगही मिळतात. त्यांची चाचणी ८० अंश गरम पाण्याच्या उच्च दाबाच्या फवाऱ्याने होते, त्यामुळे ती स्टीम रूमच्या जवळ जाणारी आहे. घरगुती खोलीला तेवढ्याची गरज सहसा पडत नाही. सार्वजनिक ठिकाणी, जिथे दिवसभर वाफ आणि रात्री धुलाई असते, तिथे विचार करावा.

शिक्क्यापेक्षा महत्त्वाची ओळ माहितीपत्रकात असते. ‘स्टीम रूममध्ये वापरण्यास योग्य’ असे स्पष्ट लिहिले आहे का, आणि कमाल सभोवतालचे तापमान किती दिले आहे, या दोन गोष्टी पाहा. तापमानाची खूण ‘टीए’ या अक्षरांनी करतात. काहीच लिहिले नसेल तर दिवा २५ अंशांसाठी बनवला आहे असे धरतात. छताखाली ५० अंश होणाऱ्या खोलीत टीए ५० किंवा त्याहून जास्त असलेले फिटिंगच घ्यावे. टीए ४० चे फिटिंग पहिल्या दिवशी लागेल, पण एलईडी लवकर मंदावेल.

दोन चुकीच्या वस्तू इथे नेहमी आणल्या जातात. पहिली, पोहण्याच्या तलावातला दिवा. त्याचा आयपी आकडा उत्तम असतो, पण अनेक तलावी दिवे भोवतीच्या पाण्यानेच गार राहतील अशा हिशेबाने बनवलेले असतात. पाण्याबाहेर, तेही गरम हवेत, ते जळतात. दुसरी, सौनाचा दिवा. सौना कोरडा आणि फार गरम, तिथली फिटिंग १२५ अंश सहन करणारी असते, पण पाण्यापासूनचे तिचे संरक्षण बऱ्याचदा जेमतेम तुषार अडवण्यापुरते असते. नावे जोडीने घेतली जातात म्हणून वस्तू अदलाबदल करण्यासारख्या ठरत नाहीत.

जुने फिटिंग फेकण्याआधी उघडून पाहा

वीज मेन स्विचपासून बंद करा, दोन टोकांच्या टेस्टरने तिन्ही तारा तपासा, मग फिटिंग उतरवा. नुसता दिव्याचा स्विच बंद करून काम करू नका. स्विच न्यूट्रलवर बसवलेला असेल तर फेज तिथेच जिवंत असतो.

आत पाणी कुठे आहे ते नीट बघा. काचेच्या कडेने ओघळ असतील तर गॅस्केट गेले. दाबून पाहा: रबर कडक झाले असेल, चपटे होऊन परत वर येत नसेल, तर तेच कारण. पाणी मागच्या बाजूला, केबल शिरते तिथे असेल, तर दोष ग्लँडचा, आणि हे फार वेळा आढळते. ग्लँड ठरावीक जाडीच्या गोल केबलसाठी असते. तिच्यातून सुट्या दोन-तीन तारा किंवा चपटी केबल नेली तर रबर चहूबाजूंनी बसत नाही. अशा वेळी नवे महागडे फिटिंग लावून त्याच ग्लँडमधून त्याच सुट्या तारा नेल्या, तर निकालही तोच लागणार.

पाणी केबलच्या आतून आले असेल तर? बारीक तारांच्या केबलमध्ये तारांमधल्या पोकळीतून ओल वातीसारखी चढते. तारांच्या टोकाचे तांबे काळे पडलेले आणि इन्सुलेशन सोलल्यावर आतही काळेपणा लांबवर गेलेला दिसला, तर ती केबल बदलायची. टोक कापून पुढे काम चालवू नका.

फिटिंगच्या मागची छताची पोकळीही हात घालून पाहा. तिथे ओल, बुरशी किंवा ओला इन्सुलेशनचा थर असेल तर प्रश्न दिव्याचा राहत नाही. छताचा बाष्परोधक थर फाटलेला आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय नवा दिवा लावू नये.

शेवटी मापे घ्या: भोकाचा व्यास, मागची जागा किती खोल आहे, छताच्या किंवा भिंतीच्या थराची जाडी, आणि येणारी केबल किती जाडीची आहे. भोकाचा व्यास चार ठिकाणी मोजा, टाइलमधली भोके क्वचितच गोल असतात.

व्होल्टेज: आत कमी, ड्रायव्हर बाहेर

आत ओला माणूस, उघडी त्वचा, ओली फरशी. अशा जागी २३० व्होल्ट नेण्याचे काही कारण उरलेले नाही. जुन्या खोल्यांत स्क्रू बल्बचे जाळीवाले फिटिंग किंवा थेट मेनवर चालणारे स्पॉट असतील, तर बदलाच्या निमित्ताने ते काढून टाका.

आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७०१ हा भाग न्हाणी आणि शॉवरच्या जागांसाठी आहे. प्रत्यक्ष पाणी साचते तिथे कमाल १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी, आणि शॉवरच्या क्षेत्रात जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत २५ व्होल्ट एसी किंवा ६० व्होल्ट डीसी, तेही सुरक्षित विलगीकरण असलेल्या पुरवठ्यातून, अशा त्यात मर्यादा आहेत. स्टीम रूमचे छत बहुधा याच उंचीच्या आसपास असते, त्यामुळे ‘छतावर आहे, हात पोहोचत नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. आमचे मत साधे आहे: पूर्ण खोली शॉवरचे क्षेत्र मानावी आणि १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर राहावे. जिथे काम आहे तिथले नियम याहून कडक असतील तर ते लागू. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, आणि ती जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावी.

मेनची वीज एलईडीला लागणाऱ्या कमी व्होल्टेजवर आणणारा डबा म्हणजे ड्रायव्हर. त्यावर ‘एसईएलव्ही’ ही अक्षरे छापलेली हवीत. या अक्षरांचा अर्थ आउटपुट मेनपासून दुहेरी विलग आहे. हे विलगीकरण टिकवण्यासाठी आउटपुटची कोणतीही तार अर्थिंगला जोडायची नाही.

ड्रायव्हर कुठे ठेवायचा? स्टीम रूमच्या वरच्या फॉल्स सीलिंगमध्ये ठेवायचा मोह होतो, केबल छोटी पडते म्हणून. ती जागा टाळा. तिथे खालून उष्णता येते, थर कुठे फाटला तर वाफ येते, आणि ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. ड्रायव्हर बाहेर, कोरड्या, हवेशीर आणि हात पोहोचेल अशा जागी ठेवा. बिघडणारा भाग बहुतेक वेळा तोच असतो; त्यासाठी टाइल फोडायची वेळ येऊ नये.

केबल लांबली की १२ व्होल्टवर वाटेतच व्होल्टेज घटते. हिशेब करून पाहा. २० वॅटचे दिवे १२ व्होल्टवर १.६७ अँपिअर घेतात. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. दहा मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, रोध ०.२४ ओहम, घट ०.४ व्होल्ट, म्हणजे ३.४ टक्के. तेच दिवे २४ व्होल्टवर घेतले तर प्रवाह निम्मा, घट ०.२ व्होल्ट, टक्केवारीत ०.८. पाच मीटरपेक्षा लांब केबल असेल तर २४ व्होल्टच निवडा.

जोडणीत गल्लत होते ती ड्रायव्हरच्या प्रकारावरून. काही एलईडी फिटिंग स्थिर व्होल्टेजवर चालतात, १२ किंवा २४, आणि समांतर जोडली जातात. काहींना स्थिर प्रवाह लागतो, ३५० किंवा ७०० मिलिअँपिअर, आणि ती एकामागोमाग एक साखळीत जोडतात. स्थिर प्रवाहाचे उघडे एलईडी २४ व्होल्टच्या ड्रायव्हरला जोडले तर तत्काळ जातात. उलट, स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर आधी चालू करून मग दिवा जोडला तरीही एलईडी उडू शकतो, कारण मोकळ्या टोकांवर ड्रायव्हरचे कमाल व्होल्टेज साठलेले असते. सगळे जोडा, मग स्विच लावा.

ड्रायव्हरची क्षमता एकूण वॅटांच्या सव्वापट धरा. २४ वॅटच्या दिव्यांना ३० वॅटचा.

जुनी १२ व्होल्ट हॅलोजन व्यवस्था असेल तर नुसते एलईडी बल्ब टाकून भागेल का? सहसा नाही. जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला किमान भार लागतो, बऱ्याचदा २० वॅट किंवा त्याहून जास्त. ५ वॅटचा एलईडी लावला की लुकलुकतो किंवा लागतच नाही. शिवाय बहुतेक एलईडी बल्बांवर ‘बंदिस्त फिटिंगमध्ये वापरू नये’ असे लिहिलेले असते, आणि स्टीम रूमचे फिटिंग तर पूर्ण बंदिस्त. हॅलोजन उष्णता सहन करण्यासाठीच बनवलेला होता, एलईडीमागचे इलेक्ट्रॉनिक्स तसे नाही. ट्रान्सफॉर्मर आणि फिटिंग दोन्ही बदला.

स्टीम जनरेटरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये दिव्यासाठी वेगळे आउटपुट असेल तर त्यावरचे व्होल्टेज, एसी की डीसी, आणि कमाल वॅट वाचून मगच वापरा.

कोणत्या प्रकारचे फिटिंग

छतातला बंदिस्त डाउनलाइट हा सर्वांत सरळ पर्याय. पुढे कडक केलेली काच, ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची किंवा चांगल्या प्लास्टिकची कड, मागे रेझिनने भरलेले शरीर आणि त्यातूनच बाहेर आलेली साचेबंद केबल, अशी रचना शोधा. केबल आधीच जोडून आलेली असली की ग्लँडचा प्रश्नच मिटतो. ३०४ दर्जाचे स्टील क्लोरीन असलेल्या सफाईद्रवांनी ठिपक्या-ठिपक्यांनी गंजते. उघड्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढते. पितळावर क्रोमचा मुलामा असेल तर मुलाम्याच्या कडेपासून सोलत जातो.

लेन्स काचेचीच घ्या. स्टीम रूममध्ये निलगिरी, पुदिना अशी तेले सोडली जातात, आणि ही तेले पॉलिकार्बोनेट व ॲक्रिलिकला हळूहळू बारीक तडे पाडतात. तडे आधी स्क्रूच्या भोवती दिसतात, कारण तिथे ताण जास्त. तेल वापरलेच जाणार नसेल तर प्लास्टिक चालेल, पण पुढे कोणी वापरणार नाही याची खात्री कोण देणार?

भिंतीवरचे बल्कहेड फिटिंग, म्हणजे काचेचे गोल किंवा लंबगोल झाकण असलेले, बदलायला सोपे पण आत हवा जास्त. घ्यायचेच असेल तर केबल मागून किंवा खालून शिरणारे घ्या, वरून शिरणारे कधीच नको. केबलवरून ओघळणारे पाणी सरळ ग्लँडवर येते.

बाकाखालची एलईडी पट्टी सुंदर दिसते आणि सर्वांत लवकर बिघडते. कारण पुन्हा वाफच. बहुतेक ‘वॉटरप्रूफ’ पट्ट्या सिलिकॉनच्या आवरणात असतात. सिलिकॉन पाणी अडवते, उष्णता सहन करते, पण वायुरूप पाणी त्याच्यातून इतर अनेक रबरांपेक्षा सहज पार होते. पोकळ सिलिकॉन नळीत सरकवलेली पट्टी म्हणूनच आतून ओली होते, टोके कितीही नीट चिकटवली तरी. घ्यायची असेल तर आतली पोकळी पूर्ण भरलेली, शक्यतो पॉलियुरेथेनमध्ये ओतलेली आणि उन्हा-उष्णतेने पिवळे न पडणाऱ्या प्रतीची घ्या. हवी त्या लांबीची कारखान्यातून बंद करून मागवा. जागेवर कापलेल्या टोकाला मूळ आयपी दर्जा लागू राहत नाही. आणि ती स्क्रूने बसणाऱ्या पट्टीधारकात बसवा, मागच्या चिकटपट्टीवर विसंबू नका, ओल्या टाइलवर ती सुटते.

फायबर ऑप्टिक हा पर्याय महाग आणि आमच्या मते दुर्लक्षित. प्रकाश देणारे यंत्र बाहेर, आत येतात फक्त प्लास्टिकचे किंवा काचेचे तंतू. आत वीज नाही, उष्णता नाही, गंजण्यासारखे काही नाही. प्लास्टिकचे तंतू साधारण ७० अंशांपर्यंत चालतात, त्यामुळे स्टीम रूमला पुरतात (सौनाला काचेचेच हवेत). तोटे दोन: प्रकाश मर्यादित, आणि तंतू तीव्र कोनात वाकवता येत नाहीत, त्यामुळे आधीच बांधलेल्या छतात ते नेणे कटकटीचे. छत नव्याने होत असेल, किंवा वर माळा असेल, तर मात्र आधी हाच विचार करा.

प्रकाश किती, कसा

धुक्यात जास्त प्रकाश म्हणजे जास्त दिसणे नव्हे. गाडीच्या दिव्यासारखा तीव्र झोत वाफेत पांढरी भिंत उभी करतो. दोन मीटर बाय दोन मीटरच्या खोलीला सगळे दिवे मिळून ६०० ते ८०० लुमेन पुरे, म्हणजे ८ ते १० वॅट एलईडी. गडद टाइल असेल तर वरचा आकडा. एका मोठ्या दिव्याऐवजी तीन-चार छोटे घ्या. रंग २७०० ते ३००० केल्विन. ४००० च्या पुढचा पांढरा प्रकाश वाफेत कोंदट आणि राखाडी वाटतो. सफाईसाठी मात्र चांगला उजेड लागतो, म्हणून डिमर बाहेर लावा किंवा सफाईचे दोन दिवे वेगळ्या स्विचवर ठेवा.

जागा ठरवताना बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेट येणार नाही असे पाहा. वाफ सुटते त्या नोझलच्या वर किंवा समोर दिवा नको. तिथे वाफ १०० अंशांजवळ असते आणि कोणत्याही टीए मर्यादेच्या बाहेर. उतरत्या छताच्या खालच्या कडेलाही नको, सगळे थेंब ओघळून तिथेच येतात. पायरी आणि दरवाज्याची चौकट मात्र दिसलीच पाहिजे. सार्वजनिक खोलीत वीज गेल्यावर लागणारा दिवा लागतो, पण त्याची बॅटरी आत नको. दरवाज्याच्या काचेतून आत उजेड येईल असा तो बाहेर लावा.

बसवणे

१. नवे फिटिंग जुन्या भोकात मोकळे बसवून पाहा. भोक मोठे असेल तर ते सिलिकॉनने भरू नका. ३१६ स्टीलची किंवा त्याच टाइलची चकती घेऊन त्यात नेमके भोक पाडा आणि ती बसवा. भोक लहान असेल तर डायमंड होल सॉ, पाणी टाकत, हळू. छत कडक केलेल्या काचेचे असेल तर कापण्याचा विचारही करू नका, ते चुरा होते.

२. बाष्परोधक थरात फुलीच्या आकाराचा छेद घ्या, गोल तुकडा कापून टाकू नका. पाकळ्या केबलभोवती वळवून बाष्परोधक टेपने बंद करा. इन्सुलेशन फिटिंगच्या पाठीपासून किती दूर ठेवायचे ते माहितीपत्रकात असते. तेवढी जागा सोडा, नाहीतर दिवा स्वतःच्याच उष्णतेत शिजेल.

३. केबल बाहेरच्या ड्रायव्हरपासून फिटिंगपर्यंत अखंड न्या. जोड टाळता येत नसेल तर जेल किंवा रेझिन भरलेल्या जोडपेटीत करा. तारांमधून चढणारी ओलही तिथे थांबते. फिटिंगला शिरण्याआधी केबलला खाली लोंबणारा छोटा वेढा द्या, म्हणजे थेंब तिथून गळेल.

४. कंड्यूटचे, म्हणजे केबल ज्या नळीतून येते तिचे, स्टीम रूमच्या बाजूचे तोंड केबलभोवती सीलंटने बंद करा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. उघडे कंड्यूट गरम वाफ सरळ ड्रायव्हरच्या डब्यात नेते आणि ती तिथे गार होऊन पाणी बनते. ‘बाहेर कोरड्या जागी’ ठेवलेला ड्रायव्हर ओला निघतो तो असा.

५. गॅस्केट स्वच्छ कापडाने पुसा, केस किंवा कणही राहू देऊ नका. ते ईपीडीएम रबराचे असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात चालतो, पेट्रोलियम जेली मात्र नको, रबर फुगते. गॅस्केटच सिलिकॉनचे असेल तर सिलिकॉन ग्रीसही नको, त्याच कारणाने. शंका असेल तर कोरडे बसवा. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. एकीकडून पूर्ण आवळले की दुसरीकडे फट राहते; अति आवळले तर रबर बाहेर सांडते.

६. कडेला सिलिकॉन लावताना न्यूट्रल क्युअर प्रकारचेच घ्या. शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि ते धातू व तांब्याला गंज आणते. फिटिंगच्या कडेभोवती वर आणि बाजूंना पट्टा द्या. भिंतीवरच्या फिटिंगला खालचा थोडा भाग मोकळा ठेवा, मागे गेलेले पाणी तिथून निघून जाईल. सिलिकॉन दिवसाला २ ते ३ मिमी खोलीपर्यंत वाळते, तेव्हा वाफ सुरू करण्याआधी दोन दिवस जाऊ द्या.

फिटिंग बंद करायची वेळही निवडा. खोली कोरडी, थंड, शक्यतो दिवसभर वापर नसलेली असावी. वाफेचे सत्र संपल्यावर लगेच झाकण लावले तर तुम्ही ती दमट हवाच आत कोंडता.

चाचणी आणि नंतरची काळजी

पहिल्या दिवशी दिवे लावून तासभर वाफ सोडा. मग सगळे बंद करून खोली पूर्ण गार होऊ द्या आणि टॉर्चने प्रत्येक लेन्स तिरकी पाहा. आतून हलका धूसर ठिपका दिसला आणि पुढच्या सत्रात दिवा लागल्यावर गेला, तर ती बंद करताना कोंडलेली ओल असू शकते. तीन-चार फेऱ्यांनंतरही ठिपका येतोच, किंवा वाढतो, तर फिटिंग आत्ताच उतरवा. नवीन असताना ते वाचते. टर्मिनल हिरवे झाल्यावर वाचत नाही.

दिव्याचा स्विच जनरेटरच्या टायमरला जोडलेला असेल, तर वाफ थांबताच दिवाही विझतो आणि नेमका वाफेने भरलेल्या खोलीत तो गार होऊ लागतो. हवा आत ओढण्यासाठी याहून वाईट वेळ नाही. दिव्याला वेगळा टायमर द्या आणि पंखा चालून किंवा दरवाजा उघडून खोली मोकळी होईपर्यंत, साधारण अर्धा तास, तो चालू ठेवा. या बदलाला एक टायमर एवढाच खर्च येतो आणि मध्यम दर्जाचे फिटिंगही त्याने बराच काळ टिकते.

सफाईत क्लोरीनयुक्त द्रव फिटिंगवर सुकू देऊ नका, साध्या पाण्याने धुऊन काढा. प्रेशर वॉशरचे तोंड गॅस्केटच्या कडेवर रोखू नका. वर्षातून एकदा आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबण्याच्या दिवशीच स्क्रू आणि सिलिकॉनची कड तपासा. हे बटण खरे तर त्याहून जास्त वेळा दाबायला हवे, दर तीन-सहा महिन्यांनी. झाकण उघडता येणाऱ्या फिटिंगचे गॅस्केट प्रत्येक वेळी उघडल्यावर नवे घाला. म्हणून खरेदी करतानाच दोन जादा गॅस्केट मागून घ्या, आणि ड्रायव्हरचा मॉडेल क्रमांक, व्होल्टेज, प्रवाह लिहिलेली चिठ्ठी ड्रायव्हरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.